दवावरची वाट

गेल्या ऑगस्टात, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यात, शहरातल्या गोल्फच्या सामन्यांत शेवटच्या होलवर दोन फुटांवरून माझा बॉल आत गेला नाही, आणि कुंजारिनच्या बायकांचा संघ खालच्या गटात घसरला. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं. तोंडावर कोणी विषय काढला नाही. पोस्टातली बाई, पेट्रोल भरणारा, चर्चमधल्या बायका, सगळे माझ्याशी नुसतं हवामानाचं बोलायचे. यंदा गारठा लवकर आला, नाही का नोलीन. आला बाई. ज्या क्लबच्या कपाटातल्या निम्म्या कपांवर माझं नाव कोरलंय, त्या क्लबच्या गावाने मला गारठ्यावर आणून ठेवलं.

खरं काय झालं ते मला एकटीला माहीत होतं.

आमच्या मैदानावर गवत नाही. प्यायला पाणी मोजून येतं तिथे गवताचे लाड कोण करणार. आमच्याकडे होलभोवती बारीक वाळूचं गोल ग्रीन असतं, इंजिनाचं जुनं काळं तेल घालून बसवलेलं, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. त्यावर पावलं उमटतात, म्हणून प्रत्येक ग्रीनपाशी लांब दांड्याची एक लोखंडी फळी पडलेली असते. आपल्या बॉलपासून होलपर्यंत ती फळी एकदा ओढायची, गुळगुळीत वाट करायची, आणि मग पटर, म्हणजे चपट्या डोक्याची काठी, घेऊन त्या वाटेवरून बॉल हलकेच आत ढकलायचा. त्या ढकलण्याला पट म्हणतात. अंतर दोन फुटांचं असलं तर फळी आणायला कोण जातंय, पटरच्या बुडानेच वाळू सारखी करायची आणि मारायचं. हा आमचा नियमच आहे आणि त्यात गैर काही नाही. एक्केचाळीस वर्षं दर गुरुवारी नऊच्या नऊ ग्रीनची वाळू मी ओढत आले. माझा नवरा क्लेम गेला त्या आठवड्यातला गुरुवारसुद्धा सोडला नाही. काहींना ते कोरडेपणाचं वाटलं. वाटू दे.

शहरात मात्र सगळं गवत. गेल्या वर्षी माझ्यासमोर कानात मोती घातलेली एक बाई होती. सतरा होल झाले तरी आमची बरोबरी. नुकतीच एक सर येऊन गेली होती आणि गवतावर थेंब चमकत होते. माझा बॉल होलपासून दोन फुटांवर. तो गेला की आम्ही वरच्या गटात राहणार, आणि दोन फुटांवरून मी डोळे मिटूनही चुकत नव्हते. मी वाकले, आणि हाताने जे एक्केचाळीस वर्षं केलं होतं तेच केलं. पटरचं बूड गवतावर टेकवलं आणि बॉलपासून होलपर्यंत ओढलं. थेंब बाजूला झाले, मधे कोरडी वाट पडली.

त्या बाईने हात वर केला. आवाज इतका हळू की मला पुढे व्हावं लागलं. म्हणाली, मला फार वाईट वाटतंय, पण गवतावरचं पाणी पुसता येत नाही, हा होल तुमचा गेला. नियम तिचा बरोबर होता. मी बॉल उचलला. म्हणजे तो पट मी कधी मारलाच नाही.

माझी मुलगी रोंडा संघाची कप्तान. ती आपला सामना संपवून धापा टाकत आली तोवर मोतीवाली बाई हात मिळवून गेली होती. रोंडाने विचारलं, काय झालं. नियम मोडला असं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत नोलीन ट्रेथने लबाडी केली असं झालं असतं. लोक अर्धंच ऐकतात. मी म्हटलं, "चुकला."

एवढा एक शब्द. आणि घरी आल्यावर तो खरा व्हायला लागला.

पहिल्यांदा सप्टेंबरात झालं. वाळूवर, माझ्याच ग्रीनवर, तीन फूट अंतर. पटर मागे नेला आणि बॉलला लागायच्या क्षणी उजव्या मनगटाला हिसका बसला, झोपेत पाय दचकतो तसा. बॉल होलच्या डावीकडून निघून गेला. मला वाटलं डास चावला. पुढच्या होलवर पुन्हा. मग दर वेळी. चार फुटांच्या बाहेरून मी पूर्वीसारखीच मारायची, पण चार फुटांच्या आत आले की हात माझा राहायचा नाही.

मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण आता लाजेला उरलंय काय. घरच्या बोळात सतरंजी अंथरली आणि पावाच्या दोन साच्यांमधून रोज दोनशे पट मारले. डावा हात खाली आणि उजवा वर धरून पाहिला. पटरच्या डोक्याला शिशाची पट्टी चिकटवली, मग काढली. क्लेमचा टाय डोळ्यांवर बांधून मारलं. मनात आकडे मोजले, मग स्तोत्र म्हटलं, मग शिव्या दिल्या. शिव्यांनी दोन दिवस बरं वाटलं. दोन्ही कोपरांमध्ये उशी दाबून मारलं तेव्हा खिडकीतून दूधवाल्याने पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या बाईने मला फारच मायेने सांगितलं की पाऊस येईल असं दिसतंय. दोनशे पटांतले कधी एकशे ऐंशी जायचे, तर दुसऱ्या दिवशी नव्वद. एकशे ऐंशीच्या दिवशी मी हवेत तरंगायची, एका दिवसात पुन्हा तोंडावर आपटायची. वाईट खेळणं परवडतं. आज कोणता हात घेऊन उठणार हे माहीत नसणं परवडत नाही.

जुलैच्या सुरुवातीला रोंडा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चार जणींचा संघ असतो. ती स्वतः, कूपरच्या दोघी बहिणी आणि चौथी मी, सव्वीस वर्षं. ती म्हणाली, टीगन बरी खेळायला लागली आहे. टीगन म्हणजे शाळेतली मास्तरीण, सव्वीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी किनाऱ्याकडून आली. आली तेव्हा तिला गोल्फची काठी कुठल्या टोकाला धरायची ते कळत नव्हतं. मीच शिकवलं तिला, पहिल्या धड्यापासून. पुढच्या पुढच्या रविवारी तुम्हा दोघींची निवड चाचणी घेते, असं रोंडा म्हणाली. तीन फुटांवरून दहा-दहा पट. जिचे जास्त जातील ती शहरात जाईल.

मी विचारलं, मी सव्वीस वर्षं खेळतेय त्याचं काय.

"आई, मी कप्तान म्हणून बोलतेय, मुलगी म्हणून नाही."

"मुलगी म्हणून काय बोलली असतीस?"

"हेच. आधी चहा टाकला असता."

मग तिने खरा घाव घातला. चाचणी गवतावर होणार होती, कारण शहरात गवत असतं. आणि आमच्या गावात गवत एकाच ठिकाणी आहे. हिरवळीवर गोळे घरंगळत सोडतात त्या लॉन बोल्सच्या क्लबात, वाल्माकडे.

वाल्मा माझी नणंद. क्लेमची थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर, लॉन बोल्सच्या हिरवळीची राखणदार. अकरा वर्षांपूर्वी दुष्काळात गावच्या तळ्यातलं उरलंसुरलं पाणी कोणाला द्यायचं यावर सभा झाली. आम्हाला एक तरी गवताचं ग्रीन करायचं होतं, त्यांना त्यांची हिरवळ जगवायची होती. भर सभेत मी म्हटलं की थडग्यात पाय असलेल्या बायकांच्या गोट्यांसाठी पाणी वाया घालवू नका. ती उठून म्हणाली, वाळूत खेळायचं वय तुझंही गेलं, नोलीन. पाणी तिला मिळालं. त्यानंतर अकरा वर्षांत आम्ही एकमेकींशी बोललो ते क्लेमच्या दफनाच्या दिवशी, आणि तेही शवपेटी कोणत्या बाजूने न्यायची एवढंच.

रोंडाची ती आत्या, त्यामुळे तिला चाचणीची परवानगी लगेच मिळाली. पण तेरा दिवस गवतावर सराव केल्याशिवाय माझं काही खरं नव्हतं, आणि त्यासाठी मला स्वतः तिच्या दारात उभं राहावं लागणार होतं. दोन दिवस मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी बोळात दोनशेपैकी एक्याऐंशी गेले. मी फळांचा केक भाजला आणि गेले.

वाल्मा गुडघ्यांवर बसून कात्रीने हिरवळीची कड कापत होती. मला पाहून उठली नाही. माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, केकवरचा कागद उचलून पाहिला आणि बदाम हात राखून घातलेत असं म्हणाली. मग म्हणाली की हिवाळ्यात हिरवळ झोपलेली असते, तिला उठवायचं नसतं.

मी म्हटलं, "वाल्मा, मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही."

"माहीत आहे. म्हणून तर मागायला जमत नाहीये तुला." ती कात्री पुसत राहिली. "बूट काढ. मोज्यांवर चालायचं. आणि माझ्या गवतात होल खणायचा नाही."

होल नाही तर मारायचं कुठे. तिने पिशवीतून विणकामाच्या दोन सुया काढल्या आणि होलच्या रुंदीएवढं अंतर ठेवून गवतात खोचल्या. बॉल त्यांच्या मधून गेला पाहिजे आणि पलीकडे फूटभरात थांबला पाहिजे. ती फूटभराची अट तिचीच. म्हणाली, जोरात मारून मधून काढायला माझं मांजरही काढेल.

रोज सकाळी नऊ ते अकरा मी ओल्या मोज्यांवर उभी. वाल्मा घडीच्या खुर्चीत, मांडीवर अर्धा स्वेटर, सुया नसल्यामुळे हात रिकामे आणि म्हणून तोंड चालू. तिला गोल्फ कळत नव्हतं, पण हिरवळीवर गोळा कसा जातो ते साठ वर्षं पाहिलं होतं. पहिल्या दिवशी म्हणाली, तू वाळूवर मारतेस तसं मारतेस, ढकलून. गवत ओढून नेतं, त्याला नुसतं हातात द्यायचं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मनगटं कशाला नाचवतेस, खांद्यांना दे काम, ते रिकामेच आहेत. मग तिने मला बॉल कुठे गेला ते पाहायची बंदी केली. मारायचं, मान खालीच ठेवायची, आणि मधून गेला की नाही ते ती सांगणार. न पाहता थांबणं मला मरणाहून कठीण गेलं. पण आठवड्याभरात दहातले तीन जायचे ते सहा जायला लागले, आणि रोजचे सहाच, कमी नाही जास्त नाही. कित्येक महिन्यांत मला असा हात मिळाला नव्हता जो काल होता तसाच आज आहे.

पण हिसका होताच. उरलेले चार त्याचेच.

नवव्या दिवशी वाल्मा खुर्ची सरकवून माझ्या अगदी समोर बसली आणि बॉलकडे नाही, माझ्या हाताकडे पाहत राहिली. वीसेक पट झाले. मग तिने मला थांबवलं.

"तुझा हात मारायला घाबरत नाही, नोलीन. मारायच्या आधी तो दुसरंच काहीतरी करायला निघतो. तू त्याला मागे धरतेस. आणि धरलेला हात मोकळा व्हायच्या आत मारून टाकतेस. काय करायचं असतं त्याला?"

 मी खाली पाहिलं. पटरचं बूड बॉलच्या पुढे गवतावर टेकलेलं होतं, इंचभर, सुयांच्या दिशेने. मी टेकवलं कधी ते मला माहीत नव्हतं.

"काही नाही," मी म्हटलं.

"बरं," वाल्मा म्हणाली, आणि खुर्ची पुन्हा जागेवर नेली.

सांगून टाकलं असतं तर कदाचित तिथेच सुटले असते. पण मग वाल्मा रोंडाला सांगणार, रोंडा कूपर बहिणींना, आणि वर्षभर ज्या बाईला सगळे बिचारी म्हणत होते ती लबाड ठरणार, आणि वर खोटारडी. बिचारी परवडली. मी राहिलेले दिवस दात खाऊन हात धरून ठेवला. दहातले सहा. टीगनचे किती जातील ते कोणाला ठाऊक होतं.

रविवारी आठ वाजता आम्ही जमलो. रोंडा वही घेऊन, टीगन लाल टोपी घालून, वाल्मा तिच्या खुर्चीत. एरवी वाल्मा रोज सकाळी लांब दोरी फिरवून हिरवळीवरचं दव झाडायची. त्या दिवशी रोंडानेच तिला नको म्हटलं होतं. शहरातही सकाळी दव असतं, तसंच खेळू दे. सगळी हिरवळ पांढरी दिसत होती. धान्याच्या कोठारावर गुलाबी काकाकुव्यांचा नुसता कलकलाट.

नाणेफेक टीगनने जिंकली आणि ती आधी मारायला लागली. एक पट तिचा, एक माझा, आणि प्रत्येक जोडीनंतर रोंडा सुया उचलून कोऱ्या दवावर खोचायची. टीगनचा पहिला गेला. माझा गेला. तिचा दुसरा चुकला. माझा गेला. मला वाटलं देव आहे. तिसऱ्याला हिसका बसला आणि बॉल सुईला लागून वळला. रोंडाने नुसतं टिपून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं आणि तेच मला सहन होईना. आई चुकली की तिला थोडं तरी वाईट वाटलेलं मला दिसायला हवं होतं.

नऊ-नऊ झाले तेव्हा टीगनचे सहा आणि माझे सहा.

टीगनचा दहावा. तोवर ती पोरगी छान मोकळी खेळत होती, माझ्याशी मधूनमधून हसत होती. आता तिचा चेहरा उतरला. दोनदा बॉलशी उभी राहिली, दोनदा मागे आली. तिसऱ्यांदा वाकली, पटरचं बूड दवावर टेकवलं आणि बॉलपासून सुयांपर्यंत सरळ ओढलं. पांढऱ्या दवात हिरवी वाट पडली. मग तिने त्या वाटेवरून बॉल मारला, तो मधून गेला आणि पलीकडे वीतभर जाऊन थांबला. टीगनने छातीवर हात ठेवला.

"सात," रोंडा म्हणाली.

कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. येणार कसं. आम्ही सगळ्या वाळूवरच्या बायका, ती वाट आमच्या डोळ्यांना दिसतच नाही. तिला ती ओढायला मीच शिकवलं होतं. वाट कर, मग मार, घाई करू नकोस. माझेच शब्द. घाबरल्यावर तिच्या हाताने पहिला धडा काढला, माझ्या हाताने काढला होता तसाच.

मी उभी राहिले आणि एका क्षणात मला सगळं दिसलं. गप्प राहिले तर ती सात, माझा गेला तर बरोबरी, नाही गेला तर ती जाणार. आणि तिथे शहरात, पाऊस पडून गेल्यावर, शेवटच्या होलवर, कोणीतरी मोतीवाली बाई हळू आवाजात हात वर करणार. नियम काढला तर तिचे सहाच राहतात, आणि एक पट मारून मी संघात. नियम मला कसा माहीत, हे मात्र सांगावं लागेल. वर्षभरात मला इतकं हवं असलेलं काही माझ्या इतकं जवळ आलं नव्हतं. 

"आई, तुझा दहावा," रोंडा म्हणाली.

"तिने दव पुसलं," मी म्हटलं. "गवतावर ते चालत नाही. होल जातो."

रोंडाने वही खाली केली. "हरायला आलीस म्हणून आता नियम काढतेस?"

"तिचे सात धर. सातच लिही. मी तिचा पट काढून घेत नाही."

"मग बोललीस कशाला?"

टीगन गोंधळून म्हणाली, "पण तुम्हीच शिकवलंत मला असं."

"हो, मीच," मी म्हटलं. आणि मग मी त्यांना सांगितलं. सर, थेंब, मोती, वर गेलेला हात. चुकला हा शब्द मी कुठे उभी राहून म्हटला, ते. मला वाटलं होतं सांगायला बराच वेळ लागेल. काकाकुव्यांचा थवा कोठारावरून उठून वळून परत बसला, तेवढ्यात संपलं.

पहिली वाल्मा बोलली. "म्हणजे तू तो पट मारलाच नाहीस."

"नाही."

"एवढंच करायचं असतं होय त्याला," ती म्हणाली. म्हणजे हाताला.

रोंडा पुढे झाली. तिने सुया उपटल्या, चार पावलं पलीकडे नेल्या, कोऱ्या दवावर खोचल्या आणि माझ्यासाठी बॉल ठेवला. तीन फूट. मी वाकले. पटर बॉलच्या मागे ठेवला. हाताने एकदा विचारलं, आणि या वेळी मी त्याला धरला नाही. मेंढ्यांच्या कुत्र्याला सांगतात तसं मनात नुसतं नाही म्हटलं, आणि तो बसला. खांदे मागे गेले, खांदे पुढे आले, मधे काहीही झालं नाही. एवढा स्वच्छ पट मी दहा महिन्यांत मारला नव्हता. मान खाली ठेवून मी वाट पाहिली.

टक असा आवाज आला. सुईला लागला होता. डावीकडच्या. केसभर.

"सहा," रोंडा म्हणाली. मग वहीत बघतच म्हणाली, "टीगन जाईल."

टीगन रडायला लागली. मी तिला म्हटलं, नाक पूस आणि बूट घाल, सर्दी होईल. तिचा बॉल मी तिच्या हातात दिला. रोंडा तोवर वही मिटून माझ्यापुढे येऊन उभी राहिली होती.

"वर्षभर मी तुझ्या हातांवर शंका घेतली," ती म्हणाली. "तू घेऊ दिलीस."

मला सगळ्याचं उत्तर असतं. लोक त्यासाठी मला घाबरतात. त्या वेळी मी ओल्या पटरचं बूड बाहीला पुसत राहिले. ती टीगनला घेऊन पिकअपकडे गेली, आणि तिच्या पाठीकडे बघताना मला कळलं की माझी जागा गेली ती या सुईवर नाही गेली. ती गेल्या ऑगस्टातच गेली होती. मी फक्त तिच्यावर वर्षभर बसून राहिले होते.

वाल्मा सुया काढायला उठली. मी तिला म्हटलं, एक मिनिट थांब. एकच.

सुयांपासून दोन फुटांवर, बाजूच्या कोऱ्या दवावर मी बॉल ठेवला. कोणी मोजत नव्हतं. हाताने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. मारला, आणि मान खालीच ठेवली.

"गेला," वाल्मा म्हणाली. "वीतभर पुढे थांबला."

मग मी पाहिलं. दवावर बॉलची एक बारीक रेघ उमटली होती, सुयांच्या बरोबर मधून गेलेली.

फाटकात रोंडा उभी होती. चहाचा थर्मास विसरला म्हणून परत आली होती, निदान हात तरी थर्मासवर होता. किती वेळ उभी होती माहीत नाही.

"तो दोन फुटांचा होता?" तिने विचारलं.

"हो."

"एक वर्ष उशीर झाला, आई."

"माहीत आहे."

ती थर्मासचं झाकण फिरवत राहिली, ते घट्टच होतं तरी. मग म्हणाली की टीगनची पिशवी उचलायला शहरात कोणीतरी हवं. पाऊस आला तर तिचा हात धरायलाही. कूपर बहिणींना सांगून उपयोग नाही, त्यांना स्वतःचेच हात सापडत नाहीत.

मी म्हटलं, सव्वीस वर्षं माझी पिशवी मी उचलली, आता एकोणसत्तराव्या वर्षी त्या पोरीची उचलू?

"नको तर नको."

"चाकाची आहे का तिची?"

"चाकाची आहे."

"मग बघते," मी म्हटलं.

रोंडा गेली. हसली नाही, पण पिकअपचं दार आपटलंही नाही. वाल्मा गुडघ्यांवर वाकून सुया उपटत होती. त्यांची टोकं तिने आपल्या कोटाला पुसली आणि म्हणाली, झालं ना तुझं, मग जाते मी घरी, अकरा दिवस स्वेटरची एक बाही अडली आहे. आणि उद्या येणार असशील तर कोरडे मोजे घेऊन ये.